कोण बसलं की गाडी किती बसते

बुधवारी सकाळी आमच्या शेडमध्ये पुढील वस्तू होत्या. गाडी एक, पांढरी, तेरा वर्षांची, काड्यापेटीला चाकं लावावीत एवढी. स्प्रिंगा चार आणि शॉकअप चार, भंगारवाल्याकडून आणलेले. जॅक एक. लोखंडी घोड्या चार. पाने एकवीस, त्यांपैकी माझे दोन, बाकी बाबांचे. गंज सोडवायचं तेल दीड डबा. सोडवायचे बोल्ट बावीस. त्यांपैकी गंजलेले बावीस. भिंतीवर तक्ता एक, माझ्या पाचवीच्या उन्हाळी सुट्टीतला. आणि टॉवेलची खोकी अकरा.

टॉवेलांकडे मी नंतर येते. तशी ही सगळी गोष्ट टॉवेलांकडेच येते.

मी चार वर्षं सेंदाईच्या विद्यापीठात भूकंपशास्त्र शिकले. जमीन कशी हलते, किती हलते आणि हलल्यावर तिच्यावर ठेवलेल्या वस्तूंचं काय होतं, हे मला पाठ आहे. स्प्रिंग आणि तिच्यावरचं वजन हा तर पहिल्या वर्षाचा पहिला धडा. त्यामुळे गाडीचं सस्पेन्शन घरी बदलणं मला भात लावण्याइतकं सोपं आहे, असं मी आईला फोनवर सांगितलं.

आई म्हणाली, "मागच्या वेळी तू भात लावलास तेव्हा भांडं टाकून द्यावं लागलं, मिओरी."

गॅरेजवाल्यानं याच कामाचा जो आकडा सांगितला होता, तेवढ्यात अशीच आणखी एक गाडी आली असती. माझं काम त्याच्या सहाव्या हिश्शात होणार होतं. भंगारवाल्याच्या आवारात मी अर्धा दिवस उकिडवी बसून स्प्रिंगांवरचे क्रमांक पुसून वाचले आणि आमच्या गाडीच्या मूळ स्प्रिंगांचा जो क्रमांक, त्याच क्रमांकाच्या चार घेतल्या. भंगारवाला म्हणाला, "ताई, नवरा निवडताना एवढं बघितलंत तर सुखी व्हाल."

आता बाबांविषयी. माझे बाबा, कुनिओ सुगावारा, बत्तीस वर्षं आमच्या गावच्या बसवर ड्रायव्हर होते. उभ्या प्रवाशाला वरची कडी धरावी लागली तर तो स्वतःचा अपमान समजत. गावातल्या रस्त्यांचे खड्डे त्यांना नातेवाइकांसारखे माहीत होते आणि मोठ्या खड्ड्यांना त्यांनी नावंही ठेवली होती. पुलाच्या सांध्याला ते 'सासूबाई' म्हणत. शाळेसमोर होते 'हेडमास्तर'. आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका ओळीत 'तिघी बहिणी', दर हिवाळ्यात बर्फानं रस्ता फुगतो आणि वसंतात खचतो तशा थोड्या थोड्या वाढत गेलेल्या.

गेल्या पावसाळ्यापासून बाबांच्या पाठीच्या मण्यांत कर्करोग आहे. मार्चमध्ये दवाखान्यानं त्यांना एका रात्रीसाठी घरी सोडलं होतं. दवाखाना ते घर ११.४ किलोमीटर. वाटेत धक्के त्रेसष्ट. फोन गाडीला चिकटवून मी मोजले होते. तिघी बहिणींपैकी दुसरीवर गाडी आपटली तेव्हा बाबांच्या तोंडून एक आवाज आला. तसा आवाज मी आधी ऐकलेला नव्हता आणि तो मोजायला माझ्याकडे काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात परतल्यावर ते म्हणाले, "आता नको. इथंच बरं आहे."

एप्रिलमध्ये डॉक्टर म्हणाले की आता इथे जे करतो ते घरीही करता येईल. हवं असेल तर येत्या शनिवारी घेऊन जा. आणि उन्हाळ्याच्या आधीच न्या, असंही म्हणाले. बाबांना घर हवं होतं. रस्ता नको होता.

"आडवं झोपवून नेणारी गाडी मागवू," आई म्हणाली.

"आडवा होऊन मी या गावात शिरणार नाही," बाबा म्हणाले. "तसा एकदाच शिरेन."

तेव्हा मी पुढे झाले. "बाबा, शनिवारपर्यंत मी आपल्या गाडीचं सस्पेन्शन बदलते. धक्का लागला तर माझी पदवी परत करते."

"फी परत देतील का ते?"

"विचारून बघते."

"एकदा बघू," ते म्हणाले. "दुखलं तर मी वाटेतूनच गाडी फिरवायला सांगेन, आणि मग परत विचारायचं नाही."

असं ठरलं.

आमच्याकडे घरी ठोकाठोकीचं काम काढायचं तर आधी शेजाऱ्यांकडे जाऊन, वाकून, 'दोन-तीन दिवस त्रास होईल' असं सांगून काहीतरी छोटी भेट द्यायची असते. टॉवेल सगळ्यांत बरा. समोरची तीन घरं आणि दोन्ही बाजूंची एकेक, एवढी पुरतात. पण विकत आणायला पैसे पडतात, आणि कपाटाच्या वरच्या खणात टॉवेलची अकरा नवी कोरी खोकी होती. सात वर्षांपूर्वी आजोबा गेले तेव्हा सांत्वनाला आलेल्यांना परतभेट म्हणून द्यायला आणलेली, त्यांतली उरलेली. वर काळ्या-पांढऱ्या दोऱ्याची पट्टी होती, ती मी सोडवून टाकली. एवढी अक्कल मला होती. खालचा कागद फिकट राखाडी, त्यावर बारीक कमळं. साधा आणि शोभणारा वाटला.

घरं पाचच हवी होती, पण गल्लीत आम्हाला सोडून अकरा घरं आहेत. अकरा भागिले अकरा, बाकी शून्य. विज्ञान शिकलेल्या माणसाला बाकी शून्य आली की आपलं बरोबरच आहे असं वाटतं. मी सगळीकडे दिली.

प्रत्येक दारात मी तेच बोलले. "शनिवारी बाबा घरी येतायत. त्याआधी थोडा त्रास होईल, सांभाळून घ्या." आधीच्या रात्री झोप झाली नव्हती, त्यामुळे आवाज बसलेला होता. समोरच्या चियो काकूंनी खोकं दोन्ही हातांनी घेतलं, कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या दंडावर हात ठेवला. मला वाटलं, काय जिव्हाळा आहे. आवाजाचा त्रास होणार म्हणून कुणी इतकं मनाला लावून घेत नाही.

पहिला बोल्ट सुटायला चार तास लागले.

आमच्या रस्त्यांवर हिवाळाभर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. ते मीठ खालून गाडीला खातं. मागच्या डाव्या शॉकअपचा बोल्ट हा बोल्ट राहिलेलाच नव्हता, तो एक विचार झाला होता. मी तेल सोडलं, हातोडी मारली, पान्यावर उभी राहिले. शेवटी गॅसची शेगडी आणून ज्योत लावली तेव्हा तो किंचाळला आणि फिरला. त्याच वेळी तेलाचा थेंब माझ्या डाव्या डोळ्यात पडला.

मी गाडीखाली होते आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. शेडच्या दारात दोन काळे बूट दिसले. चियो काकू.

"रडतेस का गं?"

"नाही काकू, डोळ्यात गेलंय काहीतरी."

"हो हो. माझ्याही जातं." त्या खाली बसल्या. मला त्यांचे गुडघे दिसायला लागले. "फार वेळ लागला का?"

"चार तास. हलतच नव्हता."

"अरे देवा. आई होती जवळ?"

"आई दवाखान्यात आहे. मी एकटीच होते."

"एकटीच." गुडघे थोडे हलले. "आणि मग?"

"मग काय, शेवटी आग लावली, तेव्हा कुठे सुटला."

गुडघे वर गेले, पुन्हा फक्त बूट दिसले.

"सुटला बिचारा," काकू म्हणाल्या, आणि नाक ओढत निघून गेल्या.

एका बोल्टबद्दल इतकी करुणा मी कुठे पाहिली नव्हती. मी उरलेल्या एकवीस बोल्टांकडे वळले.

गुरुवारी जेवण यायला लागलं. आधी उकडलेल्या गाजर-कंदांचा डबा, मग तिळाचं टोफू, मग तळलेल्या भाज्या. कशातच मासा नाही, मांस नाही. मला वाटलं, गल्लीतली मंडळी तब्येतीला जपायला लागली. डबा आणणारा प्रत्येक माणूस शेडच्या दाराशी येऊन माझ्या पायांना वाकून नमस्कार करी, कारण माझं बाकी शरीर गाडीखाली असे. दुपारी पाण्याला बाहेर आले तर शेडच्या भिंतीला टेकून पांढऱ्या शेवंतीचे गुच्छ उभे केलेले. मी त्यांना तीन बादल्यांत पाणी घालून ठेवलं. रंग जरा फिकट होता, पण बाबांना फुलं आवडतात.

संध्याकाळी आमच्या वस्तीचे अध्यक्ष ओनुमा आजोबा आले. वय एक्याऐंशी, पूर्वी पोस्टमास्तर. काळा कोट, काळा टाय. शुक्रवारी पोस्टाच्या जुन्या लोकांचं स्नेहभोजन असतं, त्याची तालीम असावी असं मी धरून चालले.

"मिओरी, परवा सकाळी आमची सोळा माणसं येतील. एक तंबू टाकू."

"तंबू कशाला आजोबा? बाबांना गर्दी आवडत नाही."

"कुणालाच आवडत नाही, पोरी. तरी करावं लागतं."

"बरं, पण त्यांना फार वेळ बसवायचं नाही. थकतात."

आजोबांनी टोपी काढली आणि थोडा वेळ तिच्या आत बघत राहिले. मग म्हणाले, "रस्त्याचं आम्ही बघतो. तू घेऊन येशील तेव्हा हिसका बसता कामा नये."

मला भरून आलं. माझ्या कामाचं मर्म गावात एका माणसाला तरी कळलं होतं. त्या रात्री मी आईला फोनवर म्हणाले, "लोक किती चांगले आहेत." आई म्हणाली, "का, काय झालं?" मी म्हणाले, "काही नाही, ओनुमा आजोबा तंबू टाकतायत." आई दमलेली होती. ती "बरं" म्हणाली आणि झोपली.

इथे कुणी विचारेल की तीन दिवसांत एकानंही सरळ का विचारलं नाही. आमच्याकडे असं विचारत नाहीत. ज्यांना विचारल्यानं त्रास होईल त्यांना विचारत नाहीत, आणि ज्यांना होणार नाही त्यांना विचारायची गरज नसते.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता बाविसावा बोल्ट आवळला. चारही स्प्रिंगा आणि चारही शॉकअप बदलून झाले. मी हात पुसले, फोन गाडीला चिकटवला आणि दवाखान्यापर्यंत जाऊन परत आले. मग आलेख उघडला.

धक्के पूर्वीपेक्षा मोठे होते.

मी तीनदा आकडेमोड केली. जुन्या, गेलेल्या शॉकअपवर गाडी जेवढी आपटायची त्याहून ही जास्त आपटत होती. गाडी उंचही दिसत होती, शाळेत पहिल्या दिवशी ताठ उभ्या राहिलेल्या मुलासारखी. चोवीस तास उरले होते. मी शेडमध्ये जमिनीवर बसले. मग बाबांना फोन लावला.

"बाबा, बिघडलं."

"काय बिघडलं ते सांग. रड नंतर."

मी सांगितलं. ते ऐकत होते; मध्ये मध्ये श्वास घ्यायला थांबत होते ते माझं मला कळत होतं.

"बोल्ट आवळलेस तेव्हा चाकं कुठे होती?"

"हवेत. गाडी घोड्यांवर होती."

"तेच." त्यांच्या आवाजात जुनी डेपोतली मजा आली. "अगं, दांड्यांच्या टोकाला रबर असतं. चाक लटकत असताना आवळलंस तर ते रबर लटकलेलंच धरून बसतं. मग गाडी जमिनीवर आली की ते भांडतं. बोल्ट सगळे ढिले कर. चारही चाकांखाली जाड फळ्या घाल म्हणजे तुला खाली शिरता येईल. आत माणसं बसव. गाडीवर ओझं असताना शेवटचा पीळ द्यायचा. हे पुस्तकात नव्हतं का?"

"पुस्तकात स्प्रिंगला रबर नव्हतं."

"मग ते कसलं पुस्तक? किती माणसं आहेत?"

"मी एकटी."

"गल्लीत शोध. आणि मागच्या डाव्या बाजूला वजनदार माणूस बसव. मी तिथे बसणार आहे."

मी सगळे बोल्ट ढिले केले, फळ्या घातल्या, चाकं त्यांवर चढवली आणि माणसं शोधायला दाराबाहेर पाऊल टाकलं. शोधावं लागलंच नाही. फाटकातून चार जण आत येत होते: ओनुमा आजोबा, चियो काकू आणि शेजारचे नवरा-बायको. चौघंही काळ्या कपड्यांत. हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी. हे पोस्टाचं स्नेहभोजन फारच गंभीर दिसत होतं.

"उशीर झाला आम्हाला," ओनुमा आजोबा खाली वाकत म्हणाले. "खरं तर आम्हीच आधी यायला हवं होतं."

"अहो, अगदी वेळेवर आलात," मी म्हणाले. "जरा गाडीत बसता का?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"गाडीत," चियो काकू म्हणाल्या.

"हो. मला वजन हवंय. आजोबा, तुम्ही मागे डावीकडे. बाबांच्या जागेवर."

शोकात असलेल्या माणसाला नाही म्हणायचं नसतं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या वेळी त्यांनी फक्त बूट काढले. गाडीत बूट काढून बसणारी माणसं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. चार काळे पोशाख त्या काड्यापेटीत गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि मी खाली शिरले. डोक्यावर ओनुमा आजोबा काहीतरी पुटपुटत होते. "कुनिओची इच्छा असेल," असं ऐकू आल्यासारखं वाटलं. इच्छा होतीच.

सहावा बोल्ट आवळत असताना वर फोन वाजला. तो मी पुढच्या खणात ठेवला होता.

"काकू, घ्या ना," मी खालून ओरडले. "हिरव्यावर दाबा, आणि आवाज मोठा करा. माझे हात तेलकट आहेत."

चियो काकूंनी मागून हात लांबवून दाबलं.

"काय," बाबांचा आवाज गाडीभर झाला. "आवळलेस का?"

गाडी मागच्या बाजूनं एकदम खालीवर झाली. माझ्या नाकापासून दांडा चार बोटं होता, तो तीन बोटांवर आला आणि परत गेला. मी पाना धरून पडून राहिले.

"मिओरी? कोण आहे तिथे?"

"कु... कुनिओ?" चियो काकू.

"कोण, चियो? तू माझ्या गाडीत काय करतेस?"

मग काकूंनी जे सुचलं ते उत्तर दिलं.

"मी वजन आहे," त्या म्हणाल्या.

"ते दिसतंच आहे गेली वीस वर्षं," बाबा म्हणाले, आणि हसायला गेले, आणि त्यांना खोकला आला. खोकला बराच वेळ चालला. गाडीतल्या चौघांनी तो संपूर्ण ऐकला. मी खाली होते, मला त्यांचे चेहरे दिसत नव्हते, फक्त माझ्या वरची स्प्रिंग दिसत होती आणि ती बारीक थरथरत होती.

"कुनिओ," ओनुमा आजोबांचा आवाज आला. "मीही आहे. मागे, डावीकडे."

"आजोबा, तुम्ही? तुम्हाला कशाला त्रास दिला या पोरीनं? कशी आहे गाडी?"

"मऊ आहे," ओनुमा आजोबा म्हणाले. "ये तू."

फोन बंद झाला. मी बाहेर सरकले. चियो काकू अनवाणी खाली उतरल्या, माझ्याकडे आल्या आणि हातातल्या काळ्या पर्सनं त्यांनी मला खांद्यावर मारलं. मग दुसऱ्या खांद्यावर.

"दोन दिवस," त्या म्हणाल्या. "दोन दिवस मी तुझ्या बापासाठी रडतेय, मूर्ख मुली. माझ्या नवऱ्यासाठी इतकी रडले नव्हते."

त्यांनी पर्समधून एक छापील पत्र काढलं. मी शेडमधलं उरलेलं राखाडी कागदाचं चिटोरं आणि ते पत्र शेजारी धरून पाहिलं. खोक्याच्या आत, टॉवेलाच्या घडीत, प्रत्येकी एक: 'अंत्यविधीच्या वेळी आपण दाखवलेल्या ममतेबद्दल आम्ही ऋणी आहोत. सुगावारा परिवार.' वर नाव नव्हतं, तारीख नव्हती. पट्टी काढायची अक्कल मला होती. खोकं उघडून बघायची नव्हती.

"हल्ली लोक घरच्या घरीच उरकतात," शेजारच्या काकू हळूच म्हणाल्या. "आम्हाला वाटलं, तुम्हीही तसंच केलंत, आणि शनिवारी अस्थी घरी आणणार."

"आणि आम्ही काही आणलंच नव्हतं," त्यांचे यजमान म्हणाले. "आणायच्या आधीच परतभेट दारात. अख्ख्या गल्लीची मान खाली गेली. मग दुखवट्याचे बिनमांसाचे डबे केले, आणि काल दुपारी फुलवाल्याकडची अंत्यविधीची पांढरी फुलं संपली."

मी गुडघ्यांवर बसले आणि कपाळ जमिनीला टेकवलं. तिथे तेल सांडलेलं होतं. कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं की कुणीतरी हसेल.

ओनुमा आजोबांनी काळा टाय सोडवला, नीट घडी घातली आणि खिशात ठेवला. "रुमालातली सांत्वनाच्या पैशांची पाकिटं आम्ही परत नेतो," ते म्हणाले. "ठेवून देतो." मग पुन्हा म्हणाले, "फुलं राहू देत. रस्ताही भरून झालाय, तो काही आम्ही परत उकरणार नाही. आता तुझे किती बोल्ट राहिले?"

"सोळा."

"मग आम्ही बसतो," ते म्हणाले, आणि चौघंही पुन्हा बूट नसलेल्या पायांनी गाडीत जाऊन बसले.

शनिवारी अकरा वाजता आम्ही दवाखान्यातून निघालो. मी चालवत होते. मागे डावीकडे बाबा, तीन उशांमध्ये. त्यांच्या शेजारी आई, बाबांचा हात हातात घेऊन.

"तीसच्या वर जाऊ नकोस," बाबा म्हणाले. "ब्रेकवर पाय ठेवायचा नाही, फक्त त्याची आठवण ठेवायची."

पुलावरून गेलो. गाडी एकदा खोल श्वास घेतल्यासारखी झाली, एवढंच.

"सासूबाई वारल्या की काय?" बाबा म्हणाले.

"माझी आई अजून आहे," आई म्हणाली.

हेडमास्तरांवर आरशात मी बाबांचा चेहरा पाहिला. डोळे मिटलेले होते, ओठ पांढरे होते. आईच्या हाताची बोटं दाबली गेली. पण आवाज आला नाही, आणि फिरवायलाही त्यांनी सांगितलं नाही. गल्लीचं तोंड आलं. मी वेग वीसवर आणला, मग पंधरावर. आई पुढे बघत होती.

गाडी सरळ गेली. बाबांनी डोळे उघडले.

"तिघी बहिणी कुठे गेल्या?"

"भरल्या," मी म्हणाले.

"कुणी?"

"ओनुमा आजोबा वगैरेंनी. काल."

"दोन वर्षं नगर कार्यालयाला पत्रं लिहिली मी. कुणी घमेलंभर खडी टाकली नाही." ते मागे वळून बघायचा प्रयत्न करत होते, पण पाठ वळत नव्हती. "कालच का भरल्या?"

मी गाडी चालवत होते, त्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही.

गल्लीत सगळी माणसं घराबाहेर होती आणि सगळी कामात होती. चियो काकू गुलाबी एप्रन बांधून स्वच्छ अंगण झाडत होत्या. ओनुमा आजोबा कालच्या पावसानं काठोकाठ भरलेल्या कुंडीला झारीनं पाणी घालत होते. तंबू कुठेही नव्हता. गाडी जवळून गेली तेव्हा प्रत्येकानं आताच दिसल्यासारखं मान वर केली आणि हात हलवला. बाबांनी दोन बोटं कपाळाला लावली, समोरून दुसरी बस आली की लावायचे तशी.

मी गाडी शेडमध्ये उभी केली. समोर तीन बादल्या होत्या. त्या हलवायच्या राहून गेल्या होत्या.

बाबांनी त्यांतली फुलं पाहिली.

"पांढरी आहेत," ते म्हणाले.

"हो."

"किती?"

"एकशे सहा," मी म्हणाले. मोजलेली होती.

"टॉवेल," आई एकदम म्हणाली. तिची नजर कोपऱ्यातल्या राखाडी कागदाच्या चिटोऱ्यावर होती. "मिओरी, तू ते वरच्या खणातले टॉवेल..." आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

मी सगळं सांगितलं. बोल्ट, शेगडी, काळे बूट, वजन. बाबा डोळे मिटून ऐकत होते. चियो काकूंच्या पर्सपाशी त्यांचे खांदे हलले, आणि मला कळेना की दुखतंय की काय. मग ते म्हणाले, "म्हणून खड्डे भरले तर."

"माफ करा, बाबा."

"वेळेआधी पोहोचलेल्या बसनं थांब्यावर थांबून राहायचं असतं," ते म्हणाले. "निघायचं नसतं. थांबू देत फुलांना."

आई खाली उतरली आणि चाकांची खुर्ची आणायला घरात गेली. तिला बराच वेळ लागला. बाबांची नजर फुलांवरून वर भिंतीवर गेली, तक्त्यावर. कागद पिवळा पडला होता, वरच्या कोपऱ्याला बाईंनी मारलेला लाल तारा होता. मथळा माझ्या पाचवीच्या अक्षरात: 'कोण बसलं की आमची गाडी किती बसते.' ही गाडी तेव्हा नवी होती. एकेकाला मागे डावीकडे बसवून मी चाकावरच्या कमानीपासून जमिनीपर्यंतचं अंतर किती मिलिमीटर घटतं ते पट्टीनं मोजलं होतं.

"बाबा, चोवीस," त्यांनी वाचलं. "आई, सतरा. मी, बारा. गोमा, तीन." गोमा आमचा कुत्रा होता. "त्याला बसवायलाच तुला सगळ्यांत जास्त वेळ लागला होता."

"त्याला कणीस दिलं तेव्हा बसला."

"स्प्रिंगा त्याच आहेत का?"

"त्याच क्रमांकाच्या."

"मग मोज की," बाबा म्हणाले. "मी बसलोच आहे."

पट्टी बाबांच्या हत्यारांच्या पेटीत होती. मी मागच्या डाव्या चाकाशी गुडघे टेकले, पट्टी उभी धरली, आकडा वाचला आणि लिहून घेतला. मग आई आली. आम्ही दोघींनी मिळून बाबांना उचललं, खुर्चीत बसवलं, आणि आईनं त्यांच्या पायांवर पांघरूण घातलं. गाडी रिकामी झाली. मी पुन्हा पट्टी धरली. बाबा बसलेले असताना ६०९. रिकामी ६२३. वजाबाकी दोनदा केली, आणि तक्त्यावर गोम्याच्या खाली तारीख घालून लिहिलं: बाबा, १४ मिलिमीटर.